ब्रिटनमधील अडथळा-शर्यतीच्या घोड्याची कारकीर्द कशी वाचावी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या भागातील माणसाला शर्यत शिकवावी लागत नाही. यात्रेच्या मैदानावर किंवा गावाबाहेरच्या रस्त्यावर सुटणाऱ्या घोडागाड्या आणि बैलजोड्या तो लहानपणापासून पाहत आलेला असतो, आणि कोणती जोडी खरी पळाली व कोणती सोप्या गटात पडल्यामुळे पहिली आली, यावर पारावर बसून रात्री उशिरापर्यंत वाद घालण्याची त्याची तयारी असते. हाच जाणकार माणूस मोबाइलवर इंग्लंडमधील एखाद्या नामांकित घोड्याची माहिती उघडतो, तेव्हा मात्र ‘एकूण शर्यती’ आणि ‘एकूण विजय’ या दोन आकड्यांपाशीच थांबतो. त्या आकड्यांवरून घोड्याची थोरवी कळत नाही. त्याने किती वजन वाहिले, जमीन कशी होती, अंतर किती होते आणि मागे कोणाला टाकले, हे पाहिल्याशिवाय कारकिर्दीचा अर्थ लागत नाही, आणि ते कसे पाहावे हेच येथे सांगायचे आहे.

घोडा कोणत्या टप्प्यावर आहे, हे आधी ओळखावे. पुणे, मुंबई आणि बंगळूर येथील रेसकोर्सवर होणाऱ्या शर्यती सपाट मैदानावरच्या असतात आणि तेथील घोडा दोन-तीन वर्षांचा असतानाच नाव कमावतो. अडथळ्यांच्या शर्यतीतला घोडा उशिरा पिकतो. अनेक घोडे चार ते सहा वर्षांच्या वयात ‘बम्पर’ नावाच्या, उड्या नसलेल्या शर्यतीत उतरतात, तेथून हर्डलकडे जातात आणि अंगात ताकद भरली की स्टीपलचेसकडे वळतात. हर्डल किमान साडेतीन फूट उंचीचे आणि धक्का लागल्यास कलणारे असते. चेसमधील कुंपण किमान साडेचार फूट उंच, काटक्या घट्ट बांधून केलेले आणि चूक सहसा माफ न करणारे असते. म्हणून हर्डलमध्ये चमकलेला घोडा चेसमध्येही चमकेलच असे गृहीत धरू नये. दोन्हींचे निकाल वहीत वेगवेगळे लिहावेत. वय मोजताना एवढे लक्षात ठेवावे की ब्रिटनमधील शर्यतीच्या प्रत्येक घोड्याचे वय १ जानेवारीला एका वर्षाने वाढलेले धरतात, मग त्याचा प्रत्यक्ष जन्म कोणत्याही महिन्यातला असो.

घोड्याच्या नावाशेजारी अंकांची आणि अक्षरांची एक ओळ छापलेली असते. ती डावीकडून उजवीकडे वाचावी; सर्वांत ताजा निकाल उजव्या टोकाला असतो. एक ते नऊ हे अंक म्हणजे मिळालेला क्रमांक, तर शून्य म्हणजे दहावा किंवा त्याहून मागचा. ‘एफ’ म्हणजे घोडा पडला, ‘यू’ म्हणजे घोडा उभा राहिला पण जॉकी खाली आला, ‘बी’ म्हणजे दुसऱ्या घोड्यामुळे पडला, ‘आर’ म्हणजे त्याने उडी मारायला नकार दिला आणि ‘पी’ म्हणजे जॉकीने त्याला मध्येच थांबवले. आडवी रेघ हंगाम बदलल्याची खूण असते आणि तिरकी रेघ त्याहून मोठ्या खंडाची. ‘बी’ हा घोड्याचा दोष नाही, म्हणून तो निकाल हिशेबातून बाजूला ठेवावा. ‘पी’बद्दल मात्र घाईने मत बनवू नये.

कौटो स्टार या घोड्याचे उदाहरण घ्यावे. चेल्टनहॅम मैदानावरच्या गोल्ड कप या मोठ्या स्टीपलचेसमध्ये तो २००७ ते २०१२ अशी सलग सहा वर्षे धावला आणि त्याचे निकाल पहिला, दुसरा, पहिला, पडला, तिसरा, थांबवला असे आहेत. २००८ मध्ये डेन्मन या घोड्याने त्याला हरवले. पुढच्या वर्षी त्याने गमावलेला चषक परत जिंकला, आणि असे करणारा तो या शर्यतीतला पहिलाच घोडा होता. नुसत्या ओळीवरून २०१० नंतर तो संपला असे वाटते. पण केम्प्टनच्या किंग जॉर्ज शर्यतीचे निकाल शेजारी मांडले, तर २००६ ते २००९ अशी सलग चार वर्षे तो तेथे पहिला होता आणि जानेवारी २०११ मध्ये झालेल्या पुढच्या शर्यतीत तिसरा येऊनही डिसेंबर २०११ मध्ये त्याने ती शर्यत पाचव्यांदा जिंकली, हे दिसते. एका मैदानावरची उतरण म्हणजे संपूर्ण कारकिर्दीची उतरण, असा निष्कर्ष काढण्याआधी दुसरे मैदान पाहावे, ते यासाठीच.

आता वजन. माझ्या मते संपूर्ण वाचनाचा कणा हाच आहे, आणि नवा वाचक सर्वांत आधी तोच विसरतो. हँडिकॅप प्रकारच्या शर्यतीत चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त आणि दुबळ्या घोड्याच्या पाठीवर कमी वजन ठेवून सर्वांना जिंकण्याची सारखी संधी देण्याचा प्रयत्न केलेला असतो. वजन स्टोन आणि पौंडांत लिहितात. एक स्टोन म्हणजे १४ पौंड, म्हणजे सुमारे ६.३५ किलो. ‘११-८’ असे दिसल्यास ते ११ स्टोन ८ पौंड, म्हणजे १६२ पौंड असे वाचावे. गोल्ड कप हँडिकॅप नाही, तेथे नर घोडे सारखेच वजन वाहतात. एन्ट्री (Aintree) मैदानावर होणारी ग्रँड नॅशनल मात्र हँडिकॅप आहे. तिच्यात ३० कुंपणे ओलांडायची असतात आणि अंतर सव्वाचार मैलांहून अधिक असते. १९७० च्या दशकात ते याहूनही थोडे जास्त होते.

रेड रम या घोड्याने ही शर्यत तीन वेळा जिंकली, हे अनेकांना ठाऊक असते. त्याचे पाचही निकाल वजनासह मांडून पाहावेत. १९७३ मध्ये तो १०-५ वजनाने पहिला आला. क्रिस्प हा ऑस्ट्रेलियातून आलेला घोडा १२ स्टोन घेऊन बराच काळ खूप पुढे धावत होता. शेवटच्या कुंपणानंतरच्या ४९४ यार्डांच्या पट्ट्यात तो थकला आणि रेड रमने त्याला पाऊण लांबीने (लांबी म्हणजे एका घोड्याच्या अंगाएवढे अंतर) मागे टाकले. दोघांच्या वजनातला फरक २३ पौंडांचा होता. त्या दिवशीचा मोठा पराक्रम क्रिस्पचा होता, असे म्हणायला मला संकोच वाटत नाही. पण पुढच्याच वर्षी रेड रमवर तेच १२ स्टोन चढले आणि ते घेऊन तो पुन्हा जिंकला. त्याचे मोठेपण येथे सिद्ध होते. दुसरा आलेल्या लेस्कार्गोवर जवळपास तेवढेच वजन होते, आणि तो १९७० व १९७१ चा गोल्ड कप जिंकलेला घोडा होता. १९७५ मध्ये रेड रमचे १२ स्टोन कायम राहिले, लेस्कार्गोचे वजन ११-३ वर आले, आणि लेस्कार्गो जिंकला. १९७६ मध्ये ११-१० घेऊन रेड रम पुन्हा दुसरा आला. विजेत्या रॅग ट्रेडवर त्याच्यापेक्षा १२ पौंड कमी होते. १९७७ मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी, ११-८ वजनाने तो २५ लांबींनी पहिला आला आणि दुसऱ्या क्रमांकाच्या चर्चटाउन बॉयवर केवळ १० स्टोन होते. असे शेजारी-शेजारी लिहिल्यावर त्याचे दोन ‘दुसरे’ क्रमांक १९७३ च्या ‘पहिल्या’पेक्षा वजनदार ठरतात.

याच घोड्याची सुरुवात १९६७ मध्ये त्याच एन्ट्री मैदानावर, पाच फर्लांगांच्या सपाट शर्यतीत बरोबरीच्या पहिल्या क्रमांकाने झाली होती. पुढे त्याच्या खुरातील हाडाला विकार जडला. प्रशिक्षक जिंजर मॅकेन यांनी साउथपोर्टच्या समुद्रकिनाऱ्यावर, वाळूत आणि खाऱ्या पाण्यात त्याला सराव दिला. कारकिर्दीत मोठा खंड किंवा अचानक सुधारणा दिसली, तर प्रशिक्षक बदलला का आणि सरावाची जागा बदलली का, हे जरूर तपासावे.

जमिनीची नोंद प्रत्येक निकालासोबत असते, चिखलापासून कडक जमिनीपर्यंत या क्रमाने: हेवी, सॉफ्ट, गुड टू सॉफ्ट, गुड, गुड टू फर्म, फर्म. रायबाग-अथणीकडच्या काळ्या रानात पावसानंतर पाय रुतणे आणि वाफसा आल्यावर तेच रान चालण्याजोगे होणे ज्याने पाहिले आहे, त्याला हेवी आणि गुड यांतले अंतर वेगळे समजवावे लागणार नाही. चिखलात अंतर लांबल्यासारखे होते, वेग मोडतो आणि दमदार घोडा पुढे येतो. मैदान डावीकडे वळते की उजवीकडे, हेही लिहून ठेवावे. डेझर्ट ऑर्किड या करड्या-पांढऱ्या घोड्याला उजवीकडे वळणारी मैदाने मानवत. त्यातल्या केम्प्टनवर त्याने १९८६, १९८८, १९८९ आणि १९९० अशी चार वेळा किंग जॉर्ज जिंकली. वास्तविक १९८३ मध्ये पहिल्याच शर्यतीत तो याच मैदानावर इतका जोरात पडला होता की त्याची कारकीर्द संपली असे वाटावे. चेल्टनहॅम डावीकडे वळते. १९८९ च्या गोल्ड कपला तेथे पाऊस व बर्फ पडून चिखल झाला होता, आणि न मानवणाऱ्या वळणावर, तशा जमिनीत त्याने याहू या घोड्याला दीड लांबीने हरवले. विजयांच्या यादीत ही एक ओळ असते. वळण आणि जमीन यांच्या रकान्यांमुळे ती इतरांपेक्षा उंच होते.

वाचनाला सुरुवात एकाच घोड्यापासून करावी. वहीत आडवे सहा रकाने आखावेत: तारीख, मैदान व वळण, अंतर, जमीन, वजन, निकाल. शेवटी पुढच्या-मागच्या घोड्याचे नाव आणि त्याचे वजन यासाठी थोडी जागा सोडावी. पैज लावण्यासाठी ही वही नाही. त्या वाटेने जाणारा माणूस घोड्याकडे पाहायचे सोडून पैजेच्या भावाकडे पाहू लागतो. मुख्य हंगाम ऑक्टोबर ते एप्रिल असतो आणि हिवाळ्यात तेथील दुपारच्या शर्यती आपल्याकडे संध्याकाळी साडेपाच-सहापासून दिसू लागतात. एप्रिलमधील ग्रँड नॅशनल २०२४ पासून तेथील चार वाजता, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेआठ वाजता सुटते. पूर्वी ४० घोडे उतरत. सुरक्षिततेसाठी त्याच वर्षी ही मर्यादा ३४ वर आणली गेली, त्यामुळे जुन्या आणि नव्या निकालांची तुलना करताना मैदानात किती घोडे होते, हेही निकालाच्या रकान्यात लिहावे.