गाजलेली भाषणं वाचायची कशी (पाठ करायची नाहीत!)

शाळेत असताना वक्तृत्व स्पर्धेसाठी मी दुसऱ्यांची भाषणं घडाघडा पाठ करायचो, आवाज चढवायचो, हातवारे करायचो, आणि समोर परीक्षक घड्याळ बघत बसलेले. असं का होतं ते कळायला बरीच वर्षं गेली. मोठ्या वक्त्याचं वाक्य आपण उचलतो, पण ते ज्या लोकांसाठी होतं ते लोक आपल्यासमोर नसतात ना. त्यामुळे आता कुठलंही जुनं भाषण हातात आलं की मी जरा वेगळ्या पद्धतीने वाचतो, तीच इथे सांगतोय. बोलायला शिकायचंय त्याला उपयोगी पडेल, आणि ज्याला फक्त ऐकताना आपल्याला कोण कसं गुंडाळतंय ते पकडायचंय त्यालाही.

पहिलं काम, भाषण बाजूला ठेवा आणि गर्दीकडे बघा. लोक तिथे आले तेव्हा त्यांच्या डोक्यात काय होतं ते एका ओळीत लिहा, आणि उठून गेले तेव्हा काय होतं ते दुसऱ्या ओळीत. या दोन ओळींच्या मधे जे घडलं ते म्हणजे भाषण, बाकी सगळी सजावट.

सरावासाठी शेक्सपिअरच्या ज्युलियस सीझर नाटकातला तिसरा अंक घ्या, यापेक्षा चांगला नमुना मला तरी माहीत नाही. रोमचा सत्ताधीश सीझर याचा खून झालाय. मारणाऱ्यांपैकीच एक, ब्रूटस, येऊन लोकांना कारण सांगतो, तेही गद्यात, एकदम मुद्देसूद, की सीझर मला प्रिय होता पण रोम त्याहून प्रिय. लोक खूश. इतके खूश की त्यातला एक ओरडतो, यालाच सीझर करा! म्हणजे रोममधे कुणी राजा होऊ नये म्हणून बिचाऱ्याने एवढं केलं, ते कुणाच्या डोक्यातच शिरलेलं नाही. आणि मग हा भला माणूस सीझरच्या मित्राला, अँटनीला, बोलायची परवानगी देऊन स्वतः निघून जातो (इथे मला दर वेळी पुस्तकात हात घालून त्याला थांबवावंसं वाटतं).

अँटनीला खुन्यांना नावं ठेवायची नाहीत अशी अट आहे, आणि लोकही बजावतायत की इथे ब्रूटसबद्दल वाईट बोलायचं नाही. आता पेन्सिल घ्या आणि ब्रूटस हा सन्माननीय माणूस आहे हे जिथे जिथे येतं तिथे खूण करा. पहिल्यांदा ते खरंच कौतुक वाटतं, मग सीझरने तीनदा मुकुट नाकारला, गरीब रडले की तोही रडायचा, असा एकेक पुरावा आणि पुन्हा तेच वाक्य, शब्द सगळे तेच पण अर्थ उलटा होत जातो, आणि शेवटी लोकच चिडून म्हणतात की कसले सन्माननीय, गद्दार आहेत ते! निष्कर्ष त्याने काढलाच नाही, लोकांकडून काढून घेतला. मधेच त्याचा गळा दाटतो आणि तो थांबतो. तो थांबला की लोक आपापसात बोलायला लागतात, आणि खरं काम तिथे होतं. मग सीझरचं मृत्युपत्र दाखवायचं पण वाचायचं नाही, खाली उतरून लोकांना प्रेताभोवती गोल उभं करायचं, फाटलेला झगा दाखवायचा, मग जखमा, आणि पार शेवटी मृत्युपत्रात रोमच्या लोकांना ठेवलेले माणशी 75 ड्राख्मा (नाणी). वर म्हणतो काय, मी काही ब्रूटससारखा वक्ता नाही. कुणी असं म्हणून सुरुवात केली की मी आता सावरून बसतो.

दुसरं काम म्हणजे काय वगळलंय ते शोधा. हे कठीण आहे, कारण नसलेली गोष्ट दिसत नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धात राष्ट्राध्यक्ष लिंकनने गेटिसबर्गच्या रणभूमीवर केलेलं भाषण, 19 नोव्हेंबर 1863, जेमतेम 270 शब्द. त्याच्या आधी त्या दिवसाचे मुख्य वक्ते एडवर्ड एव्हरेट जवळजवळ दोन तास बोलले होते. लिंकनच्या भाषणात शत्रूचं नाव नाही, गुलामगिरी हा शब्द नाही, गेटिसबर्ग नाही, आणि एकदाही 'मी' नाही. समोर सैनिकांची ताजी कबरस्तानं आणि हा माणूस कुणालाही शिव्या घालत नाही, सरळ 87 वर्षं मागे 1776 ला, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याकडे, जातो आणि युद्धाचा अर्थच बदलून टाकतो. स्वतःचं भाषण लिहिलंत की त्यातले सगळे 'मी' खोडून बघा, काय उरतं ते. माझ्यात काहीच उरलं नव्हतं.

तिसरं, भाषण लोकांच्या मनाविरुद्ध जातंय का बघा. टाळ्या मिळवणं सोपं असतं हो. इ.स.पू. 427 मधे ग्रीसमधल्या अथेन्सच्या सभेने, बंड करून शरण आलेल्या मिटिलीनी शहरातल्या सगळ्या पुरुषांना मारायचा ठराव केला, तो हुकूम घेऊन जहाजही रवाना झालं, आणि दुसऱ्या दिवशी लोकांना हे फारच झालं असं वाटून पुन्हा चर्चा बसली. डायोडोटस नावाचा एक जण त्यांना वाचवायला उठला, पण त्याने दयेची भीक मागितलीच नाही, तो म्हणाला यात आपला फायदा काय ते बघा, शरण आलेल्यांनाही मारलं तर पुढचं बंडखोर शहर शेवटपर्यंत लढेल. थोडक्या मतांनी तो जिंकला, हुकूम थांबवायला दुसरं जहाज सोडलं आणि ते अगदी ऐन वेळी पोचलं. चिडलेल्या माणसाला दया सांगून उपयोग नसतो, त्याचा हिशेब त्यालाच दाखवावा लागतो. बाबासाहेबांचं 25 नोव्हेंबर 1949 चं संविधान सभेतलं भाषण पण याच नजरेने वाचा, काम फत्ते झाल्याचा क्षण, आणि ते सांगतायत की 26 जानेवारी 1950 ला आपण विसंगतीच्या जीवनात पाऊल टाकतोय, राजकारणात समता आणि सामाजिक, आर्थिक आयुष्यात विषमता.

एक सावधगिरी. जुनं भाषण म्हणजे रेकॉर्डिंग नाही. मिटिलीनीची ही भाषणं ज्याच्यामुळे आपल्याला मिळाली तो ग्रीक इतिहासकार थुसिडिडीस स्वतःच कबूल करतो की शब्द न् शब्द लक्षात ठेवणं अवघड होतं, म्हणून प्रसंगाला जे शोभेल ते लिहिलं. तेव्हा शब्दांपेक्षा रचना बघा.

आता उत्स्फूर्तपणाचं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या मार्टिन ल्युथर किंगच्या 28 ऑगस्ट 1963 च्या भाषणातला 'माझं एक स्वप्न आहे' हा भाग हातातल्या कागदावर नव्हता हे खरंय, गायिका महालिया जॅक्सन मागून ओरडल्या की लोकांना स्वप्नाबद्दल सांग. पण ते स्वप्न किंगनी जूनमधे डेट्रॉइटला आधीच सांगून झालेलं होतं, म्हणजे माल तयार होता, फक्त त्या दिवशी बाहेर आला. उलट चर्चिल 1904 मधे ब्रिटिश पार्लमेंटात पाठ केलेलं भाषण मधेच विसरले आणि खाली बसले, त्यानंतर कायम नोट्स, त्याही कवितेसारख्या तुटक ओळींत टाइप केलेल्या, म्हणजे कुठे श्वास घ्यायचा तेही कागदावरच. तुम्हीही तसंच टाइप करून बघा, एका ओळीत एकच दम. प्राचीन ग्रीक वक्ता डेमॉस्थेनिस तोंडात खडे ठेवून बोलायचा सराव करायचा हे सगळ्यांना माहीत असतं, जुना चरित्रकार प्लुटार्कने सांगितलेली गोष्ट ती, खडे राहू द्या, पण चढ चढताना मोठ्याने बोलायचा त्याचा व्यायाम मी करतो, दम पुरायला लागतो.

शेवटचं काम, भाषण संपलं तरी पान उलटा. अँटनी संपल्यावर लगेचच्या प्रवेशात तीच गर्दी रस्त्यात सिन्ना नावाच्या एका कवीला धरते. तो ओरडून सांगतो की कटातला सिन्ना वेगळा, मी कवी आहे. तर ते म्हणतात, मग वाईट कवितांसाठी मारा याला.