चेतासंस्था शिकताना या चुका टाळा

वर मेंदू, खाली मेरुरज्जू, दोन्ही बाजूंना फुटलेले फाटे ही चेतासंस्थेची आकृती बहुतेकांना तोंडपाठ असते. तरीही 'पायाच्या अंगठ्याला झालेला स्पर्श मेंदूपर्यंत नेमका कोणत्या वाटेनं जातो?' असं विचारलं की गाडी अडते. शिकवताना मला हे वारंवार दिसतं. पाठांतर कमी पडलेलं नसतं, सुरुवातीच्या दोन-तीन समजुती चुकलेल्या असतात.

पहिला घोटाळा शब्दांचा. 'इंजेक्शनसाठी नस सापडत नाही' म्हणताना आपण रक्तवाहिनीबद्दल बोलतो आणि 'कमरेत नस दबली' म्हणताना चेतातंतूबद्दल. 'मज्जा'चंही तसंच. अस्थिमज्जा मणक्याच्या हाडाच्या आत असते आणि रक्तपेशी तयार करते. मज्जारज्जू, म्हणजेच मेरुरज्जू, मणक्यांच्या पोकळीतून जातो आणि त्याचा रक्तनिर्मितीशी काही संबंध नाही. म्हणूनच मी 'मेरुरज्जू' हा शब्द धरून ठेवते.

आता सगळ्यात मोठी चूक. मेंदू आणि मेरुरज्जू म्हणजे मध्यवर्ती चेतासंस्था, बाकीची परिघीय, हे बरोबर आहे. पण विद्यार्थी या दोन वेगळ्या यंत्रणा मानतात, जणू एक संपते तिथे दुसरी जोडली जाते. ही विभागणी जागेवरून केलेली आहे, पेशींवरून नाही. पोटरीचा स्नायू हलवणारी चेतापेशी बघा. तिचं पेशीकाय, म्हणजे केंद्रक असलेला मुख्य भाग, मेरुरज्जूत, म्हणजे मध्यवर्ती भागात, आणि अक्षतंतू, म्हणजे तिचा लांब धागा, पार पोटरीपर्यंत, म्हणजे परिघीय भागात. पेशी एकच, सीमारेषा तिच्या मधून जाते!

अंगठ्याच्या स्पर्शाची गोष्ट तर याहून सुंदर आहे. त्या पेशीचं पेशीकाय मेरुरज्जूच्या बाहेर, मणक्याशेजारच्या गुच्छिकेत, म्हणजे पेशीकायांच्या छोट्या गाठीत असतं. तिची एक शाखा खाली अंगठ्यापर्यंत जाते. दुसरी मेरुरज्जूत शिरते आणि मध्ये कुठेही न थांबता मस्तिष्कपुच्छापर्यंत, म्हणजे मेरुरज्जूला जोडलेल्या मेंदूच्या सगळ्यात खालच्या भागापर्यंत चढते. उंच माणसात ही एकच पेशी दीड मीटरच्या घरात भरते. म्हणून अडलात की तक्ता बाजूला ठेवा आणि एक तंतू धरा. पेशीकाय कुठे आहे, टोकं कुठे आहेत, पुढच्या पेशीशी गाठ कुठे पडते, एवढे तीनच प्रश्न विचारा.

मणक्यांची मोजणीही चकवते. मेरुचेतांच्या, म्हणजे मेरुरज्जूतून दोन्ही बाजूंना निघणाऱ्या चेतांच्या, 31 जोड्या: मानेत 8, छातीच्या भागात 12, कमरेत 5, त्रिकास्थीत 5 आणि माकडहाडाशी 1. मानेचे मणके 7 आणि जोड्या 8 कशा? पहिली जोडी पहिल्या मणक्याच्याही वरून निघते आणि आठवी सातव्या मणक्याच्या खालून. शिवाय मेरुरज्जू कण्याच्या तळापर्यंत पोहोचतच नाही. प्रौढ माणसात तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या आसपास संपतो. त्याखाली फक्त चेतामुळांचा झुबका उरतो, घोड्याच्या शेपटीसारखा. पाठीतून पाणी काढताना डॉक्टर सुई कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये घालतात ते याचसाठी. तिथे रज्जूला इजा होण्याची भीती नसते. चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली चकती सरकली तर दबतं ते चेतामूळ, मेरुरज्जू नव्हे.

स्वायत्त, म्हणजे आपल्या इच्छेशिवाय काम करणाऱ्या, चेतासंस्थेचे अनुकंपी आणि परानुकंपी असे दोन भाग. त्यांत अनुकंपी म्हणजे ताण, म्हणजे वाईट, आणि परानुकंपी म्हणजे चांगली, अशी वाटणी करू नका. आपण झोपेतून उठून उभे राहतो तेव्हा रक्त पायांत साचू नये म्हणून रक्तवाहिन्या आवळते ती अनुकंपीच. ती वेळेवर जागी झाली नाही तर भोवळ येते.

शेवटी डाव्या-उजव्याचा गुंता. 'मेंदूचा डावा भाग शरीराची उजवी बाजू सांभाळतो' हे प्रमस्तिष्काला (मोठ्या मेंदूला) लागू पडतं, अनुमस्तिष्काला (लहान मेंदूला) नाही. अनुमस्तिष्काच्या डाव्या भागाला इजा झाली तर तोल आणि हालचालीतला ताळमेळ डाव्याच बाजूचा बिघडतो. मेरुरज्जूतून जाणारी प्रत्येक वाट तर आपापल्या ठिकाणी बाजू बदलते. बारीक स्पर्शाची वाट मस्तिष्कपुच्छात, वेदनेची आणि उष्ण-थंडाची मात्र मेरुरज्जूत शिरल्यावर तिथेच आसपास, पुढच्या पेशीमार्फत. हालचालीचे बहुतेक आदेश मस्तिष्कपुच्छातच बाजू बदलून खाली उतरतात.

आता हे करून बघा. कागदावर मेरुरज्जू काढा आणि दोन्ही पायांसाठी या तिन्ही वाटा वेगवेगळ्या रंगांनी ओढा. मग छातीच्या पातळीवर रज्जूच्या फक्त उजव्या अर्ध्या भागावर आडवी रेघ मारा. उजव्या पायाची ताकद आणि बारीक स्पर्श गेलेला दिसेल, वेदना आणि उष्ण-थंडाची जाणीव मात्र डाव्या पायातली गेलेली असेल.