जुन्या गोव्यातलं सेंट कॅजेटन चर्च कसं पाहावं

सहलीच्या गाड्या बॉम जेझस आणि से कॅथेड्रल ही दोन चर्चं दाखवून परत फिरतात. से कॅथेड्रलवरून मांडवीच्या धक्क्याकडे चालत निघालं की काही मिनिटांत सेंट कॅजेटन लागतं. त्याच्यासाठी निवांत तासभर काढा. सोबत लहान दुर्बीण असू द्या, आठ पटीची पुरे. नसेल तर फोनचा झूम चालेल, पण फ्लॅश बंद. आणि निघण्याआधी रोमच्या सेंट पीटर्स चर्चचा समोरून काढलेला एक फोटो फोनमध्ये उतरवून घ्या. तो लागणार आहे.

हे चर्च थिएटाइनांचं. थिएटाइन हा इटलीतला धर्मगुरूंचा संघ. पोप आठवा अर्बन याने त्यांना गोवळकोंड्याला धाडलं होतं. तिथे शिरकाव झाला नाही, म्हणून ते १६४० च्या सुमारास गोव्यात स्थिरावले. कार्लो फेरारिनी आणि फ्रान्सेस्को मारिया मिलाझ्झो यांच्या आराखड्यावर चर्च उभं राहिलं आणि १६६१ मध्ये पुरं झालं. लगतची इमारत त्यांचा मठ.

आधी दर्शनी भाग. दोन्ही घंटामनोरे एका नजरेत मावतील इतकं मागे जा आणि तो फोटो उघडा. मधले करिंथियन (माथ्याला पानांची नक्षी असलेले) खांब आणि त्यांवरचा त्रिकोणी शिरोभाग सरळ सेंट पीटर्सवरून घेतलेत. आता फरक शोधा. रोममध्ये दर्शनी भागाला मनोरे जोडायचा बेत फसला. वास्तुकार बर्निनीने चढवलेला मनोरा १६४६ मध्ये उतरवावा लागला. गोव्यात दोन्ही मनोरे उभे आहेत. दुसरा फरक मालाचा. तिकडे ट्रॅव्हर्टिन दगड, इकडे जांभा आणि वर चुन्याचा गिलावा. जांभ्यात बारीक नक्षी टिकत नाही, त्यामुळे धारदार कडा चुन्यातच काढाव्या लागतात. कोनाड्यांतले चार पुतळे पीटर, पॉल, जॉन आणि मॅथ्यू यांचे. ख्रिस्ती चित्र-शिल्पांत पीटरला किल्ल्यांवरून आणि पॉलला तलवारीवरून ओळखतात.

आत शिरल्यावर पाय आपोआप मुख्य वेदीकडे वळतात. ते आवरा. से कॅथेड्रलसारखी ही लांबट इमारत नाही. बाहेरून आयताकृती, पण आत चारी बाजू सारख्या असलेला ग्रीक क्रॉस, आणि सगळी मांडणी घुमटाभोवती. म्हणून पहिला थांबा घुमटाखाली. इथून नजर खालून वर न्या: चार जाडजूड खांब, त्यांना जोडणाऱ्या कमानी, कमानींच्या मधले वळलेले त्रिकोण आणि मग घुमटाचं गोल कडं. चौकोनावर वर्तुळ बसवायची किमया त्या चार त्रिकोणांत आहे. घुमटाचं वजन तेच खांबांवर उतरवतात. ते दिसले नाहीत तर घुमट नुसता 'उंच' वाटतो.

घुमटाखालच्या चौथऱ्याखाली विहीर आहे. या जागी पूर्वी देऊळ होतं असं सांगतात. गाइड हे ठासून सांगेल. ऐकून घ्या, वाद नको. चौथऱ्यावर मात्र चढू नका.

आता वेद्या. मुख्य वेदीकडे तोंड करून डावीकडे तीन: पवित्र कुटुंब, शोकाकुल माउली (मेरी), सेंट क्लेअर. उजवीकडे तीन: सेंट जॉन, सेंट कॅजेटन, सेंट ॲग्नेस. वेळ कमी असेल तर सेंट कॅजेटनच्याच वेदीपाशी थांबा. बरोक या नक्षीने भरगच्च युरोपीय शैलीचा सगळा सोस इथे एकवटलाय: देवदूत, वेली, एकही जागा रिकामी नाही. दुर्बीण सोन्याच्या झिजलेल्या कडांवर धरा. सोनं निघालेल्या ठिकाणी तांबूस रंग दिसला, तर ती वर्खाखालची माती. लाकडावर आधी सरसात कालवलेल्या खडूचे थर, त्यावर ही तांबडी माती, मग वर्ख, आणि शेवटी गुळगुळीत दगडाने घोटून चकाकी. पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. खडूचा थर तितका ताणला जात नाही, तडकतो आणि वर्खासकट पापुद्रा निघतो. अशा पापुद्र्याला बोट लागलं की तो गळालाच. हात मागे बांधून पाहिलेलं उत्तम. वेद्यांवरची चित्रं इटालियन वळणाची आहेत. ती चकाकत असतील तर दोन पावलं बाजूला सरका, तिरकं पाहिल्यावर रंग दिसतात.

तळघरात पोर्तुगीज गव्हर्नरांची मसाले भरून जपलेली शवं शिशाच्या पेट्यांत ठेवत आणि तिथून लिस्बनला पाठवत.

फोटोत खांब आत कललेले येतात, कारण फोन वर वाकवलेला असतो. फोन सरळ धरा, मागे जा, फोटोतली खालची फरशी नंतर कापा. प्रार्थना सुरू असेल तर फोन खिशातच.

बाहेर आवारात आदिलशाही वाड्याचं उरलेलं काळ्या दगडाचं दार आहे. ते पाहून परतताना बॉम जेझसवर पुन्हा थांबा. १९५० च्या दशकात त्याचा गिलावा काढून टाकला गेला. उघड्या जांभ्यात पाऊस मुरतो, दगडांची तोंडं झिजतात, खड्डे पडतात. कॅजेटनच्या पांढऱ्या भिंती डोळ्यांसमोर ताज्या असतानाच ते बघा. चुना कशासाठी असतो ते भिंतीवरच दिसेल.