मटेरियल्सच्या मेकॅनिक्समध्ये संशोधनाला जायचंय? या चुका टाळा

मी इंजिनिअरिंग कॉलेजात स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स शिकवतो आणि त्याची लॅबही सांभाळतो. पीएचडीच्या मुलाखतीआधी मुलं तयारीसाठी येतात, तेव्हा मी एकच गोष्ट करायला लावतो: तुझ्या प्रोजेक्टमधला कुठलाही एक आलेख काढ आणि मला समजावून सांग. बहुतेकांची गाडी तिथेच अडते. मार्क चांगले असतात, रिपोर्ट ऐंशी पानांचा असतो, पण स्वतःच काढलेला आलेख वाचता येत नाही. मुलाखतीच्या खोलीतही नेमकं हेच विचारतात.

गेल्या वर्षी एका मुलीने माइल्ड स्टीलच्या टेन्शन टेस्टचा, म्हणजे नमुना तुटेपर्यंत ओढायच्या चाचणीचा, स्ट्रेस-स्ट्रेन आलेख समोर ठेवला (स्ट्रेस म्हणजे क्षेत्रफळामागचं बल, स्ट्रेन म्हणजे मूळ लांबीमागची वाढ). नमुना नेहमीचाच, १२.५ मिमी व्यास आणि ५० मिमी गेज लेंग्थ, म्हणजे ज्या लांबीवर वाढ मोजायची ती. मी म्हटलं, "सुरुवातीच्या सरळ भागाचा उतार काढ बरं." तिने पट्टी लावली, आकडेमोड केली. उत्तर आलं २० गिगापास्कल. स्टीलचा यंग मॉड्युलस, म्हणजे हाच उतार, २०० च्या आसपास असतो हे तिला तोंडपाठ होतं, पण आपल्याच आलेखातून तो काढून पाहायचं सहा महिन्यांत सुचलं नव्हतं. "सर, मशीन खराब असेल," ती म्हणाली.

मशीन ठणठणीत होतं. २०० मेगापास्कल स्ट्रेसला हा नमुना खरोखर लांबतो तो ५० मिमीमागे फक्त ०.०५ मिमी, म्हणजे वहीच्या कागदाच्या जाडीच्या साधारण निम्मा. क्रॉसहेड, म्हणजे नमुना ओढणारा मशीनचा सरकता आडवा भाग, मात्र तोवर अर्धा मिलिमीटर सरकलेला होता. कारण त्यात जॉमधली (नमुना धरणाऱ्या पकडीतली) घसरण येते, मशीनच्या खांबांचं ताणलं जाणं येतं, नमुन्याच्या जाड टोकांची वाढ येते. हे सगळं ५० ने भागून त्याला स्ट्रेन म्हटलं की मॉड्युलस दहा पट खाली येतो.

म्हणून लांबी नमुन्यावरच मोजा. एक्स्टेन्सोमीटर (नमुन्यावर बसवून त्याची वाढ मोजणारं उपकरण) असेल तर तो लावा, आणि नेकिंग, म्हणजे नमुना एका जागी बारीक होणं, सुरू व्हायच्या आधी काढून घ्या. नमुना तुटतानाचा झटका त्याला सोसत नाही. तो नसेल तर स्ट्रेन गेज (स्ट्रेन मोजणारी छोटी पट्टी) चिकटवा, पण समोरासमोरच्या बाजूंना दोन, आणि त्यांची सरासरी घ्या. नमुना जॉमध्ये केसभर तिरका धरला गेला तरी तो वाकतो, आणि एकच गेज असेल तर ते वाकणं तुमच्या आकड्यात मिसळतं. दोन्ही सोयी नसतील तर मॉड्युलस देऊच नका. अल्टिमेट स्ट्रेंथ, म्हणजे नमुन्याने सोसलेला कमाल स्ट्रेस, लोडवरून निघते, ती द्या. इलाँगेशनही (तुटेपर्यंतची एकूण वाढ) मिळतं: टेस्टच्या आधी ५० मिमीवर खुणा करून ठेवा आणि नंतर तुटलेले तुकडे नीट जुळवून व्हर्नियरने मोजा. जेवढं मोजलं तेवढंच लिहिणाऱ्या विद्यार्थ्याबद्दल परीक्षकाच्या मनात आदरच वाढतो, हे मी पाहिलेलं आहे.

चुकांची दुसरी मोठी जागा संगणकावरच्या सिम्युलेशनची. रंगीत चित्र छान दिसतं, म्हणून ते रिपोर्टच्या मुखपृष्ठावर जातं. आतल्या काटकोनी कोपऱ्यावर लाल ठिपका असतो आणि खाली लिहिलेलं असतं, "कमाल स्ट्रेस ४१० मेगापास्कल." मेशची, म्हणजे पार्टचे तुकडे पाडणाऱ्या जाळीची, घरं निम्म्या आकाराची करा, तो आकडा वाढतो. पुन्हा निम्मा करा, आणखी वाढतो. गोलाई नसलेल्या आतल्या कोपऱ्यात लवचीक सिद्धान्ताप्रमाणे स्ट्रेस अनंताकडे जातो, त्यामुळे तो ४१० फक्त तुमच्या मेशचा आकडा आहे. खऱ्या पार्टमध्ये असते ती गोलाई द्या, आणि तीन वेगवेगळ्या मेशवर उत्तर स्थिर होतं का ते दाखवा.

सिम्युलेशनमधल्या प्लॅस्टिसिटीच्या (धातूचा आकार कायमचा बदलण्याच्या) टेबलात लॅबमधला इंजिनिअरिंग स्ट्रेस (मूळ क्षेत्रफळाने भागलेला) तसाच भरणं, हीसुद्धा रोजची चूक. तिथे ट्रू स्ट्रेस (त्या क्षणाच्या क्षेत्रफळाने भागलेला) आणि लॉगरिदमिक प्लॅस्टिक स्ट्रेन लागतो. लांबी मिमीत आणि बल न्यूटनमध्ये घेतलंत तर स्टीलची घनता ७.८५ × १०⁻⁹ टन प्रति घन मिमी भरावी लागते. तिथे ७८५० टाकलं की कंपनांच्या फ्रीक्वेन्सीचे आकडे कुठल्या कुठे जातात.

आता अर्जांबद्दल. मेकॅनिकलची मुलं गेट या प्रवेश परीक्षेला डोळे झाकून एमई (मेकॅनिकलचा) पेपर भरतात. एक्सई (इंजिनिअरिंग सायन्सेस) नावाचाही पेपर आहे. त्यात गणिताचा भाग सक्तीचा आणि बाकीच्यांतले दोन निवडायचे असतात, ज्यांत सॉलिड मेकॅनिक्स आणि मटेरियल्स सायन्स दोन्ही आहेत. या विषयाला याहून नेमका पेपर नाही. कुठला विभाग कुठला पेपर धरतो ते मात्र आधी त्यांच्या प्रवेश माहितीत वाचा. फॉर्म साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये निघतात, परीक्षा फेब्रुवारीत होते, स्कोअर ३ वर्षं चालतो.

शोधतानाही फक्त "मेकॅनिकल" बघू नका. हा विषय सिव्हिल, एरोस्पेस आणि मेटलर्जीतही राहतो. मद्रास आणि दिल्लीच्या आयआयटीत अप्लाइड मेकॅनिक्सचा विभागच आहे. आणि विद्यापीठांच्या बाहेरही बघा: क्रीपसाठी (सततच्या भाराखाली धातूचं हळूहळू लांबणं) जमशेदपूरची राष्ट्रीय धातुकर्म प्रयोगशाळा एनएमएल, अणुभट्टीच्या धातूंसाठी कल्पक्कमचं अणुसंशोधन केंद्र, संरक्षणाच्या धातूंसाठी हैदराबादची डीएमआरएल प्रयोगशाळा, पॉलिमरसाठी आपल्या पुण्यातली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा एनसीएल. पैशांची धास्ती घरच्यांना जास्त असते, म्हणून सांगतो: केंद्राच्या संस्थांत जानेवारी २०२३ पासून पीएचडीची फेलोशिप पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये आहे. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षात असाल तर देशातल्या तीन विज्ञान अकादमींची दोन महिन्यांची उन्हाळी फेलोशिप सोडू नका. पैसे भरून महिन्याभरात छापून देणाऱ्या जर्नलपासून लांबच राहा.

प्राध्यापकांना ईमेल लिहिताना "मला फ्रॅक्चर मेकॅनिक्समध्ये प्रचंड रस आहे" असं लिहून थांबू नका. तडे कसे वाढतात याच्या या अभ्यासाचा पाया घालणाऱ्या ग्रिफिथ या इंग्लिश इंजिनिअरने १९२१ मध्ये दाखवलं की काचेचा तंतू जितका बारीक तितका मजबूत निघतो. तो का, हे चार ओळींत सांगता येत नसेल तर आधी ते वाचा. पन्नास जणांना एकच मजकूर पाठवण्यापेक्षा पाच जणांचा एकेक पेपर वाचून पाच ईमेल लिहा.

त्या मुलीने पुन्हा टेस्ट घेतली, दोन स्ट्रेन गेज लावून. नंतर पाठवलेल्या ईमेलमध्ये मार्कांच्या आधी तिने हे लिहिलं: "एकाच स्टीलचा मॉड्युलस क्रॉसहेडवरून २० आणि स्ट्रेन गेजवरून २०४ गिगापास्कल आला. फरकाचं कारण आणि दोन्ही आलेख सोबत जोडले आहेत." चौथ्या दिवशी उत्तर आलं. त्यात एकच प्रश्न होता: दोन गेजमध्ये आपसात किती फरक होता?