गोबो वापरताना या चुका टाळा

पडद्यावर पानांची जाळी हवी होती आणि उमटलाय नुसता करडा डाग, अशी वेळ आली की बहुतेक जण गोबो, म्हणजे लाइटमध्ये बसवायची नक्षीची चकती, बदलायला धावतात. चकती क्वचितच बिघडलेली असते. लाइट कुठे टांगलाय आणि कोणत्या कोनातून मारलाय, ते आधी पाहा.

अर्थात लाइट मुळात प्रोफाइल, म्हणजे भिंगांनी धारदार प्रतिमा टाकणारा, असायला हवा. फ्रेनेल किंवा पार या मऊ कडेच्या लाइटमध्ये नक्षीची प्रतिमा उमटवणारी भिंगांची रचनाच नसते. मूव्हिंग हेडही (मोटरने फिरणारा लाइट) स्पॉट किंवा प्रोफाइल प्रकारचं लागतं, वॉश (नुसता पसरट उजेड टाकणारा) चालत नाही.

अंतराचा हिशेब न करणं सर्वांत महागात पडतं. १० मीटरवरून १९ अंशांची लेन्स साधारण ३.३ मीटर व्यासाचं वर्तुळ टाकते, २६ अंशांची ४.६ मीटर आणि ३६ अंशांची ६.५ मीटर. व्यास दुप्पट झाला की तोच प्रकाश चौपट जागेवर पसरतो आणि उजेड चौथ्या हिश्श्यावर येतो. त्यात समोरच्या वॉशचा उजेड पडद्यावर सांडत असेल, तर कितीही चांगला गोबो फिका पडणार. अशा वेळी आधी वॉश खाली झुकवा, कलाकारांना पडद्यापासून पुढे उभं करा. गोबोच्या लाइटची पातळी वाढवायचा विचार त्यानंतर.

उंच बारवरून (लाइट टांगायच्या आडव्या नळीवरून) तिरका मारला की वर्तुळ लंबगोल होतं आणि नक्षीचा वरचा भाग धारदार, खालचा धूसर राहतो. लेन्स कितीही मागेपुढे केली तरी दोन्ही टोकं एकदम जुळत नाहीत, कारण त्यांचं लाइटपासूनचं अंतरच वेगळं असतं. लाइट शक्य तितका पडद्याच्या समोर आणा. जागाच नसेल तर तो कोन धरून मुद्दाम उलटा ताणलेला गोबो बनवून घ्यावा लागतो. पानं, ढग असल्या नक्षीत तिरपेपणा खपून जातो. नाव किंवा लोगो असेल तर लगेच डोळ्यांत खुपतो.

फोकस करताना शटरच्या (उजेडाची कड कापणाऱ्या पात्यांच्या) कडेकडे बघू नका. शटर आणि गोबो एकमेकांच्या किंचित मागेपुढे बसतात, त्यामुळे कड धारदार झाली की नक्षी थोडी सुटते. नक्षीवर नजर ठेवूनच लेन्स सरकवा. हॅलोजन प्रोफाइलमध्ये मधोमध झगझगीत ठिपका दिसत असेल, तर दिव्याची जुळवणी बिघडलीय. उजेड सगळीकडे सारखा पसरेपर्यंत मागचा नॉब फिरवा. तो ठिपका तसाच राहिला तर पत्र्याचा गोबोही मध्यभागी लवकर वाकतो.

अक्षरं उलटी दिसताहेत? प्रोफाइल प्रतिमा पूर्ण उलटी करतो, वरचं खाली आणि डावं उजवीकडे. दिव्याच्या बाजूने पाहिल्यावर मजकूर सरळ वाचता येईल असा गोबो धरा, मग तसाच अर्धा फिरवून उलटा घाला. पडद्यामागून मारणार असाल तर पालटून घाला.

उष्णतेच्या बाबतीत मात्र कसलीही सूट नाही. प्लास्टिकचे छापील गोबो फक्त उत्पादकाने परवानगी दिलेल्या एलईडी लाइटमध्येच घाला, हॅलोजनमध्ये ते वितळतात. काचेचा गोबो कडेने धरा. बोटांचे तेलकट ठसे दिव्याच्या आचेने भाजून कायमचे बसतात. चालू लाइटमधून गोबोचा होल्डर ओढू नका. लाइट बंद करा, थंड होऊ द्या, तरीही हातमोजे घाला. जेल (रंगीत फिल्टर) समोरच्या फ्रेममध्येच लावा. गोबोच्या स्लॉटजवळ ती जळते.

मागवताना होल्डर मोजून घ्या: ए मापाची चकती १०० मिलिमीटरची, बी ८६ आणि एम ६६. देवनागरी मजकूर पत्र्यावर कापायचा असेल तर नमुना स्वतः तपासा. ‘व’, ‘ब’, ‘प’ यांच्या आतला बंद भाग धरून ठेवायला बारीक पट्ट्या नसतील तर तो गळून पडतो आणि अक्षराच्या जागी उजेडाचा गोळा दिसतो. शिरोरेषाही एकसलग लांब कापू देऊ नका, तापल्यावर पत्रा तिथेच वाकतो. पट्ट्या दिसायलाच नको असतील तर काचेचा गोबो घ्या.