प्रेमगीत बांधताना आणि रेकॉर्ड करताना या चुका टाळा

स्वतः लिहायचं, स्वतः चाल लावायची, स्वतःच रेकॉर्ड करायचं, अशा लोकसंगीताच्या वाटेवरच्या कलाकाराचं प्रेमगीत बिघडतं ते बहुतेक वेळा गाणं मोठं करण्याच्या सोसापायी. शब्द मोठे, पट्टी चढी, वर भरपूर रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा). एका माणसाला म्हटलेलं गाणं मग सभेतल्या भाषणासारखं वाटू लागतं.

कडव्यात माणूसच नाही

चंद्र, श्वास, स्वप्नं, जन्मोजन्मीची साथ. एवढ्या सामग्रीवर चार कडवी सहज होतात आणि ती कुणालाही उद्देशून चालतात. गाण्यातल्या 'ती'च्या जागी दुसरीच कुणी कल्पून पाहा. एकही ओळ खटकली नाही, तर मूळची 'ती' अजून गाण्यात आलेलीच नाही. लोकगीतं याबाबतीत फार पक्की असतात. भावनेचं नाव घेण्याऐवजी ती अंगठी, होडी, उघडं राहिलेलं दार दाखवतात.

ध्रुवपदाचे शब्द तेच राहिले तरी आधीच्या कडव्यानं त्यांचा अर्थ हलवायला हवा. पहिल्या कडव्यानंतरचं 'परत ये' ही विनवणी असेल. तिसऱ्यानंतर तेच शब्द, ती येणार नाही हे कळून चुकल्यावरचे असू शकतात. असं काही घडत नसेल तर तिसरं कडवं सरळ कापा.

चाल शब्द मोडते

ऱ्हस्व अक्षरावर लांब सूर आला की 'तुझ्याविना'चं 'तूझ्याविना' होतं. ओळ आधी नुसती बोलून पाहा. बोलताना जिथे जोर पडतो, तिथेच तालाचा ठोका यावा. सर्वांत उंच सुरावर शक्यतो 'आ' ठेवा. 'ई' आणि 'ऊ'वर बऱ्याच जणांचा गळा आवळतो. चाल आणि शब्द यांच्यात भांडण लागलं, तर प्रेमगीतात मी चाल बदलेन.

पट्टी चुकते

गाणं सुचतं हलक्या आवाजात, गुणगुणताना. तीच पट्टी माइकसमोर खाली पडते, म्हणून घाईनं चढवली जाते आणि ध्रुवपदात ओरडावं लागतं. सर्वांत खालची आणि सर्वांत वरची ओळ लागोपाठ गा, अर्ध्या-अर्ध्या सुरानं सरकत दोन्ही आरामात येतील ती जागा शोधा. कॅपो (पट्टी चढवण्यासाठी गिटारच्या मानेवर लावायचा चिमटा) लावल्यावर गिटार पुन्हा सुरात लावा, कारण दाबामुळे तारा किंचित चढतात. कोऱ्या तारा ऐन रेकॉर्डिंगच्या वेळी चढवू नका. ताणून स्थिरावेपर्यंत त्या उतरत राहतात.

माइकसमोरच्या तक्रारी

गिटार घुमत असेल तर माइक भोकासमोर आहे. तो बाराव्या पडद्याच्या आसपास, 20 ते 30 सेंटिमीटरवर न्या. आवाज जाड आणि गढूळ येत असेल तर तुम्ही माइकला चिकटून गाताय. कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचंच ऐकणारा, माइक जवळून खालचे सूर फुगवतो. वीतभर मागे सरा. प, फ, ब, भ यांचा फटका बसत असेल (आणि प्रेमगीतात 'प' टाळणार कसा?), तर पॉप फिल्टर (हवेचा झोत अडवणारी माइकसमोरची जाळी) लावा आणि माइक तोंडाच्या रेषेतून जरासा बाजूला घ्या.

खोली पोकळ वाजत असेल तर गाणाऱ्याच्या पाठीमागे जाड गोधड्या टांगा. रिव्हर्बनं खोलीचा दोष झाकला जात नाही, तो आणखी लांबतो. पातळी ठरवताना सर्वांत जोराची ओळ गाऊन पाहा आणि शिखरं, म्हणजे आवाजाची सर्वांत वरची टोकं, उणे 10 डेसिबलच्या आसपास ठेवा. 24 बिटवर रेकॉर्ड करताना आवाज कमी राहिला तर नंतर वाढवता येतो. फाटलेला आवाज मात्र पूर्ववत होत नाही. दोन माइक लावल्यावर गाणं पातळ वाटलं तर मोनोमध्ये (दोन्ही माइक एकाच चॅनेलवर मिसळून) ऐका आणि एका माइकची पोलॅरिटी (ध्वनिलहरीची दिशा) उलटून पाहा. हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा येत असेल तर बफर (संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) कमी करा: 48 किलोहर्ट्झवर 128 सॅम्पल म्हणजे तीन मिलिसेकंदांहून कमी.

गायन आणि वादन एकत्र की वेगवेगळं? वेगळं केलं तर सूर दुरुस्त करणं सोपं जातं, पण मेट्रोनोमवर (लय धरणाऱ्या यंत्राच्या टिकटिकीवर) ओळीचा श्वास अडकतो. साध्या, एका वाद्यावरच्या प्रेमगीतासाठी मी एकत्रच रेकॉर्ड करेन, एखादा सूर हलला तरी. मेट्रोनोम हवाच असेल तर हेडफोनमध्ये हळू ठेवा. शेवटच्या लांबलेल्या सुराखाली त्याची टिकटिक हमखास ऐकू येते.

प्रकाशनाआधी

आवाजातले चढ-उतार दाबून दाबून गाणं मोठं करण्यात फायदा नाही. स्पॉटिफाय मुळातच साधारण उणे 14 एलयूएफएसवर (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं एकक) गाणी सारखी करतं. दाबलेलं गाणं तिथे खाली ओढलं जातं आणि चपटेपणा तेवढा उरतो.

पारंपरिक चाल घेतली असेल तर ती ऐकली कुठून, हे तपासा. चाल सर्वांची असली तरी कुणी केलेली तिची नवी बांधणी किंवा रेकॉर्डिंग यांवर त्यांचा हक्क असू शकतो. शब्द-चालीचा हक्क आणि रेकॉर्डिंगचा हक्क वेगवेगळे असतात, म्हणून साथीदाराचा वाटा कशात आणि किती, हे गाणं बाहेर पडण्याआधीच लिहून ठेवा. 12 अक्षर-अंकांचा आयएसआरसी कोड, म्हणजे रेकॉर्डिंगचा आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांक, गाण्याला नसतो, त्या एका रेकॉर्डिंगला असतो. तेच गाणं पुन्हा नव्यानं रेकॉर्ड केलंत तर कोडही नवा घ्यावा लागतो.