लुत्रोला जाताय? मग या चुका टाळा

ग्रीसच्या क्रीट बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या लुत्रो गावाला रस्ता नाही. हे मी आजवर इतक्या जणांना फोनवर सांगितलंय, तरी दर मे महिन्यात कोणीतरी विचारतंच, “हॉटेलपाशी पार्किंग आहे ना?” नाही. गावात गाडीच नाही. अर्धगोल खाडी, काठाने पांढरी घरं, मागे उभा डोंगर. जवळच्या होरा स्फाकिओन गावाच्या धक्क्यावरून बोटीने वीसेक मिनिटांत जा, नाहीतर चालत.

पहिली चूक शेवटच्या बोटीच्या भरवशावर राहायची, आणि ती मीच केलेली आहे. पहिल्या खेपेला हानियाहून, म्हणजे विमानतळ असलेल्या शहरातून, बसने होरा स्फाकिओनला उतरलो तेव्हा दुपार कलली होती. धक्क्यावर एक आजोबा जाळं विणत बसले होते. विचारलं, “लुत्रो? बोट? आज?” मान खाली ठेवूनच ते म्हणाले, “ने.” मला आपलं ‘नाय’ ऐकू आलं. म्हटलं चला, आजचा मुक्काम इथेच, आणि निवांत कॉफी मागवली. ग्लास अर्धा झाला तोवर बोट समोरून निघून गेली.

ग्रीकमध्ये ‘ने’ म्हणजे हो. नाही म्हणायला ‘ओही’. किंवा तेही नाही, नुसती हनुवटी वर करून ‘च्यक्’. हे ‘च्यक्’ मात्र थेट आपल्याकडचं, त्याला भाषांतर लागत नाही.

पुढचा शहाणपणा जास्त महागात पडला. बोट गेली तर चालतच निघालो. अडीच तास लागतात, एवढंच वाचलं होतं, सोबत चाकांची बॅग. सुरुवातीला डांबरी रस्ता, मग डावीकडे कड्याच्या अंगाने जाणारी पायवाट: सुटे दगड, सावली शून्य, खाली समुद्र. ग्लिका नेरा नावाच्या किनाऱ्यावर गोट्यांमधून गोड्या पाण्याचे झरे निघतात. तिथे पाणी प्यायलो, आणि तिथेच बॅगेचं एक चाक निखळलं. उरलेली वाट ती बॅग डोक्यावर. अंधार पडता पडता पोहोचलो तेव्हा खानावळवाल्याने आधी बॅगेकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि काही न विचारता राकी या तिथल्या दारूचा छोटा ग्लास पुढे केला.

तेव्हापासून मी पाठीवर मावेल तेवढंच नेतो आणि सकाळच्याच बोटीने जातो. धक्क्यावर भाड्याच्या छोट्या बोटीही मिळतात हे नंतर कळलं. विचारलं असतं तर कळलं असतं, पण गडबडीतला माणूस विचारतो कुठे?

दुसरी चूक: परतीच्या दिवशीच विमान. एका ओळखीच्या जोडप्याने दुपारचं विमान धरून सकाळची बोट ठरवली होती. बोटी रद्द झाल्या. मग मला मेसेज, “अहो, समुद्र तर अगदी शांत आहे, हे लोक उगाच अडवतायत!” खाडीत शांतच असणार. उन्हाळ्यात उत्तरेचा वारा, मेल्तेमी, 2,453 मीटरपर्यंत चढलेल्या लेफ्का ओरी डोंगरांवरून दऱ्यांतून खाली कोसळतो. गाव भूशिराच्या आड, म्हणून धक्क्याजवळ पाणी काचेसारखं. भूशिराच्या पलीकडे बघा, पांढरा फेस दिसेल. कड्यावरच्या वाटेनेही असल्या वाऱ्यात चार बॅगा घेऊन जाता येत नाही. विमान अर्थातच गेलं.

ही घाई जुनीच आहे म्हणा. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’च्या 27 व्या अध्यायात प्रेषित पौलाने नको म्हटलं असतानाही खलाशांनी जहाज पुढे हाकलं, कारण हिवाळ्यासाठी फिनिक्स हे बंदर गाठायचं होतं. ते फिनिक्स म्हणजे लुत्रोच्या शेजारचीच खाडी असं मानतात. क्रीटवरून वारा सुटला आणि जहाज फुटलं ते थेट माल्टाला. माझा नियम साधा: शेवटची रात्र हानियात. एका रात्रीचं भाडं वाचवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

शाकाहारी मंडळींनो, ‘निस्तिसिमो’ या शब्दावर विसंबू नका. त्याचा अर्थ उपवासाचं. ऑगस्टमध्ये ग्रीक ख्रिस्ती लोकांचेही उपवास असतात, आपला श्रावणही जवळपासच. आमच्या गटातल्या काकूंनी मोठ्या विश्वासाने उपवासाचं मागवलं आणि ताटात आला ऑक्टोपस. त्यांच्या उपवासाला मांस, दूध, अंडी चालत नाहीत, पण बिनरक्ताचे म्हणून ऑक्टोपस, कोळंबी चालतात. काकू रात्रभर पावावर. ‘होरिस क्रेआस, होरिस प्सारी, होरिस थालासिना’ असं तिन्ही म्हणा: मांस नको, मासे नको, समुद्रातलं काहीच नको. आणि फावा मागवा, ते घट्ट वरणच आहे, फक्त फोडणीऐवजी कच्चा कांदा आणि ऑलिव्ह तेल. नंतर मधात न्हालेली ‘स्फाकियानी पिता’ ही पोळी. तिच्यात चीज असतं, श्रावणाला चालेल.

मासे खाणाऱ्यांनी पदार्थाच्या यादीतला आकडा किलोचा आहे का ते बघावं आणि मासा समोर तोलून घ्यावा. बिल आल्यावर बोंब मारून उपयोग नाही.

रोख पैसे हानियातच काढून ठेवा.

दुपारी 3 ते साडेपाच ग्रीसमध्ये उन्हाळी शांततेची वेळ असते. गॅलरीतून गॅलरीत हाका मारू नका, खाडी अर्धगोल आहे, सगळं सगळ्यांना ऐकू जातं.

खडकांवरून पाण्यात उतरताना पायात रबरी बूट हवेत, समुद्री साळूचे काटे टाचेत मोडतात. सुईने उकरत बसण्यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली आहे.

आणि संडासातला कागद शेजारच्या डब्यात. नळ्या अरुंद आहेत. गावात रस्ता नाही, तेव्हा प्लंबरही बोटीनेच येतो.